डब्यावरचे आजाराचे नाव पुरेसे नाही

मोठ्या मेडिकलच्या काउंटरमागे पावडरच्या डब्यांची एक फळी हमखास असते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाची प्रोटीन पावडर, शाळकरी मुलांचे चॉकलेटच्या चवीचे पेय, मधुमेह्यांसाठीचा डबा, किडनीच्या रुग्णाचा डबा आणि नाकातल्या नळीवाटे द्यायचे अन्न तिथे एकमेकांना खेटून उभे असते. ‘आजारपणातून उठलेत, ताकदीसाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती यांतले काय पडेल, हे दुकानदाराचा अनुभव, जाहिरात आणि खिसा यांवर ठरते. कायद्याच्या लेखी मात्र हे सगळे एक नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या नियमांत ‘विशेष वैद्यकीय प्रयोजनासाठीचे अन्न’ असा स्वतंत्र वर्ग आहे. असे अन्न वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे, ही सूचना आणि ते कोणत्या आजारातील आहारासाठी आहे, ही माहिती लेबलवर द्यावी लागते. वर्ग ठरला, लेबलही ठरले. पण समोरच्या रुग्णाला आज नेमके काय हवे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

या पदार्थांची नोंद कोणत्या खात्यात होते, याला किती महत्त्व आहे, हे फेनिलकीटोन्युरिया म्हणजे पीकेयू या आजाराच्या इतिहासात दिसते. नॉर्वेचे डॉक्टर अस्बियॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा जन्मजात दोष ओळखला. प्रथिनांमधले फेनिलअॅलानिन हे अमिनो आम्ल या मुलांच्या शरीराला हाताळता येत नाही. ते रक्तात साचत जाते आणि मेंदूची वाढ खुंटते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातल्या केसिनचे विघटन करून, त्यातले फेनिलअॅलानिन काढून टाकून केलेला आहार वापरला आणि त्याचा गुण दिसला. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लोफेनालॅक’ ही याच कामाची पावडर आली. तेव्हा तिची नोंद औषध म्हणून झाली. १९७२ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तिला औषधांतून काढून विशेष आहारात घातले, कारण मूठभर रुग्णांसाठीच्या अशा पदार्थांना औषधाच्या परवान्याची वाट परवडणारी नव्हती. पुढे १९८८ मध्ये ‘ऑर्फन ड्रग’ म्हणजे दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या कायद्यातील दुरुस्तीने वैद्यकीय अन्नाची व्याख्याच कायद्यात आली.

दुर्मीळ आजाराच्या मुलांसाठी ही सवलत योग्यच होती. मात्र तिच्यातून मोठ्या बाजारालाही वाट मिळाली. मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार यांचे रुग्ण मूठभर नाहीत. त्यांच्यासाठीचे डबेही अन्न म्हणूनच विकले जातात. अन्न असल्यामुळे औषधाइतक्या कडक वैद्यकीय चाचण्यांची अट त्यांना नाही, आणि आपल्याकडच्या औषध किंमत नियंत्रण आदेशाच्या कक्षेतही ते येत नाहीत. दुकानात डबा मांडलेला असतो औषधासारखा, त्याची तपासणी होते अन्नासारखी. ग्राहकाचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

वर्गवारीची पहिली पायरी भारतीय नियमांत आहे आणि ती महत्त्वाची आहे. हे अन्न पोषणदृष्ट्या संपूर्ण आहे की अपूर्ण? संपूर्ण म्हणजे सांगितलेल्या प्रमाणात दिले तर दुसरे काहीही न खाता रुग्ण त्यावर राहू शकेल. अपूर्ण म्हणजे ते एखादी उणीव भरून काढेल, पण जेवणाची जागा घेणार नाही. युरोपीय संघाच्या नियमांत तीन वर्ग आहेत : संपूर्ण व सर्वसाधारण घटकांचे, संपूर्ण पण विशिष्ट आजारासाठी घटक बदललेले आणि अपूर्ण. व्यवहारात याच पहिल्या पायरीवर सर्वाधिक ठेचा लागतात. नुसत्या प्रथिनांची पावडर दुधात घालून तेवढ्यावर दिवस काढणारा वृद्ध आपण ‘पूर्ण आहार’ घेतो आहोत, अशा समजुतीत असतो. उलट, संपूर्ण आहाराचा डबा महाग पडतो म्हणून घरी सहा चमच्यांऐवजी तीन चमचे घालून पातळ केला जातो. मिश्रण पांढरे आणि दाटसर दिसते, नळीतून सहज उतरते. पण रुग्णाच्या पोटात जाणारे उष्मांक आणि प्रथिने निम्म्यावर आलेली असतात.

पुढच्या पायऱ्या शोधायला फार दूर जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय अन्न संहिता असलेल्या ‘कोडेक्स’ने १९९१ मध्ये या अन्नाची जी व्याख्या केली, तिच्यातच वर्गवारीची चौकट दडलेली आहे. नेहमीचे अन्न घेणे, पचवणे, शोषून घेणे किंवा त्याचा शरीरात विनियोग करणे यांपैकी काही ज्यांना जमत नाही किंवा कमी जमते, त्यांच्यासाठी हे अन्न आहे. अडचण नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न आजाराच्या नावापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

पहिला टप्पा तोंडाचा आणि गिळण्याचा. पक्षाघात झालेला रुग्ण, पार्किन्सनचा रुग्ण आणि तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व रेडिएशन झालेला रुग्ण, यांचे आजार वेगळे; पण पाण्याचा घोट श्वासनळीत जाण्याचा धोका तिघांनाही असू शकतो. त्यांच्या बाबतीत अन्नात काय आहे याआधी ते किती दाट आहे, हे पाहावे लागते. त्यासाठी ‘इड्सी’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने ० ते ७ असे आठ स्तर ठरवले आहेत. त्यांतले ० ते ४ पेयांचे आणि ३ ते ७ खाद्यपदार्थांचे. मधले दोन स्तर दोन्हींत येतात. मोजण्याची रीत अगदी साधी आहे. ठरलेल्या लांबीची दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, टोकावर बोट ठेवून पेय दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचे आणि बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचे. सिरिंजमध्ये एक मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर ते पाण्यासारखे पातळ, एक ते चार उरले तर पहिला स्तर, चार ते आठ उरले तर दुसरा, आठच्या वर उरले, पण थोडे तरी वाहिले, तर तिसरा. हे घरच्या ताकावर आणि पेजेवरही करून पाहता येते. ‘जरा घट्टसर द्या’ या सल्ल्यापेक्षा ‘दुसऱ्या स्तराचे द्या’ हा सल्ला कितीतरी सुरक्षित. शिवाय कॉर्नफ्लोअरसारख्या पिष्टाने आणलेला दाटपणा लाळेतल्या विकराने तोंडातच कमी होऊ लागतो, तर झँथन गमचा टिकतो. पेय दाट केले की रुग्ण कमी पितात, त्यामुळे अंगातले पाणी कमी होण्याकडेही लक्ष ठेवावे लागते. डब्यावर केवळ ‘पक्षाघाताच्या रुग्णांसाठी’ असे छापून यातले काहीही कळत नाही.

दुसरा आणि तिसरा टप्पा पचन आणि शोषणाचा. सर्वसाधारण संपूर्ण आहारात प्रथिने अखंड असतात, स्निग्ध पदार्थ नेहमीचे असतात आणि एका मिलिलिटरला साधारण एक किलोकॅलरी मिळते. आतडे चालत असेल तर बहुसंख्य रुग्णांना हेच पुरते. आतड्याचा मोठा भाग काढावा लागला असेल किंवा शोषणच बिघडले असेल, तर प्रथिनांचे आधीच तुकडे केलेला पेप्टाइडयुक्त आहार किंवा थेट अमिनो आम्लांचा आहार देण्याचा विचार होतो. छातीतली लसिकावाहिनी फुटून लसिकाद्रव साचू लागला, तर मध्यम साखळीची स्निग्धाम्ले कामी येतात, कारण ती लसिकेच्या वाटेने न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. इथे आहारातला बदल आणि शरीरातली अडचण यांचा सांधा स्पष्ट दिसतो. विशेष अन्न म्हणायला हा सांधा हवा.

तो नसला की काय होते, याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण म्हणजे ‘बाळाला दूध सोसत नाही’ ही तक्रार. दुधातली साखर न पचणे वेगळे आणि दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असणे वेगळे. पहिल्या अडचणीत लॅक्टोजविरहित पावडर चालते. दुसऱ्या अडचणीत तीच पावडर घातक ठरू शकते, कारण साखर काढलेली असली तरी गाईच्या दुधाचे प्रथिन तिच्यात जसेच्या तसे असते. त्या बाळाला प्रथिनांचे खूप बारीक विघटन केलेली पावडर लागते आणि अॅलर्जी तीव्र असेल तर अमिनो आम्लांची. डबे सारखे दिसतात, तक्रारीचे शब्दही सारखे असतात. चूक झाली तर ती बाळाच्या अंगावर उमटते.

चौथा टप्पा शरीरातल्या विनियोगाचा. पीकेयू इथलाच. या आजाराने आणखी एक धडा दिला आहे. जगातले सर्वांत आजार-विशिष्ट म्हणावे असे हे अन्न एकटे पुरेसे नसते. फेनिलअॅलानिन साचले तर घातक, पण ते मुळीच मिळाले नाही तर मूल वाढणार नाही. म्हणून विशेष पावडरीच्या जोडीला मोजून मापून आईचे किंवा नेहमीचे दूध आणि पुढे साधे अन्न दिले जाते, आणि रक्ताच्या तपासणीनुसार ते प्रमाण बदलत राहते. ‘खास या आजारासाठी’ आणि ‘संपूर्ण’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे लेबलवर वेगवेगळे दिसलेच पाहिजे.

या चार टप्प्यांना पाचवा प्रश्न जोडल्याशिवाय वर्गवारी पुरी होत नाही : आजार आज कोणत्या अवस्थेत आहे? किडनीचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार बळावलेला, पण मधुमेह नसलेला आणि डायलिसिसवर न गेलेला रुग्ण असेल, तर २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रकृती स्थिर असताना व देखरेखीखाली, प्रथिने दर किलो वजनामागे ०.५५ ते ०.६० ग्रॅमपर्यंत आणली जातात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३३ ते ३६ ग्रॅम. तोच माणूस डायलिसिसवर गेला की शिफारस १ ते १.२ ग्रॅमवर जाते, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. रुग्ण तोच, आजाराचे नाव तेच, आणि गरज जवळजवळ दुप्पट. ‘किडनीसाठी’ म्हणून घरात आलेला कमी प्रथिनांचा डबा डायलिसिस सुरू झाल्यावरही चालू राहिला, तर सगळे पथ्य पाळूनही तो माणूस खंगत जातो.

कुपोषणाच्या उपचारात अवस्थेचे हे तत्त्व कधीच रुळले आहे. मेळघाट आणि नंदुरबारच्या बातम्यांमुळे ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषण) ही अक्षरे मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. अतितीव्र कुपोषित आणि गुंतागुंत असलेल्या बालकाला दाखल केल्यावर पहिले काही दिवस ‘एफ-७५’ हा आहार दिला जातो. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिने असतात. भुकेल्या पोराला इतके कमी का, असे आईला वाटणे साहजिक आहे. पण उपासमारीत त्या मुलाचे यकृत, मूत्रपिंड आणि हृदय मंदावलेले असते. एकदम भरपूर अन्न आणि मीठ गेले, तर रक्तातले पोटॅशियम व फॉस्फेट कोसळून किंवा हृदयावर ताण येऊन ते दगावू शकते. भूक परतली, सूज उतरू लागली की ‘एफ-१००’ सुरू होतो : तेवढ्याच आहारात १०० किलोकॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रथिने. हे अन्न परदेशी डब्यातूनच यायला हवे असेही नाही. पोषण पुनर्वसन केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत दूध, साखर, तेल आणि चुरमुऱ्यांची पूड यांपासून सुरुवातीचा आहार करण्याची कृती दिलेली आहे. गरज नेमकी कळली, तर विशेष वैद्यकीय आहार केंद्राच्या स्वयंपाकघरातही तयार होतो. वर्गवारी रुग्णाच्या गरजेवर बेतली की डब्याची मक्तेदारी आपोआप सैल होते.

आजारांच्या नावावर बेतली, तर नेमके उलटे घडते. चीनने २०१३ च्या राष्ट्रीय मानकात संपूर्ण, आजार-विशिष्ट संपूर्ण आणि अपूर्ण असे तीन वर्ग केले आणि त्यांतल्या दुसऱ्याखाली मधुमेह, श्वसनविकार, कर्करोग, यकृतविकार अशा तेरा गटांची यादी दिली. यादी सुटसुटीत असते, तपासणीला सोयीची असते. पण प्रत्येक नावामागे सारखाच पुरावा उभा असतो, असे नाही. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी कर्बोदके कमी आणि स्निग्धांश जास्त असलेला आहार काढला गेला, कारण कर्बोदकांच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड तुलनेने जास्त निघतो. तर्क बिनचूक होता. प्रत्यक्षात, रुग्णाला एकूण उष्मांक गरजेपेक्षा जास्त दिले जात नाहीत ना, याला या फेरफारापेक्षा अधिक महत्त्व असल्याचे दिसून आले. यकृताच्या सिरोसिसमध्ये प्रथिने तोडण्याची जुनी रीत आता चुकीची मानली जाते. युरोपीय तज्ज्ञांच्या सूचना दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस करतात. तरीही ‘लिव्हर आहे, डाळ बंद’ हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झालेले नाही. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात पूर्वी महागडा पेप्टाइडयुक्त आहार आवश्यक मानत; आता बहुतेकांना साधा संपूर्ण आहार चालतो, असा अनुभव आहे. ज्ञान बदलत राहते. डब्यावरचे नाव मात्र एकदा छापले की वर्षानुवर्षे तसेच राहते.

याचा अर्थ आजारांची नावे लेबलवरून काढून टाकावीत, असा नाही. मधुमेह्यांसाठी कर्बोदके बदललेला आहार जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला मदत करतो आणि अनावर अपस्मारात मुलांना दिला जाणारा कीटोजेनिक आहार हा मान्य उपचार आहे. मुद्दा क्रमाचा आहे. आधी गरज, मग अवस्था आणि शेवटी नाव.

हा क्रम प्रत्यक्षात आणायला नवा कायदा लागत नाही, आहे त्याचीच अंमलबजावणी पुढे न्यावी लागेल. डब्याच्या दर्शनी भागावर ‘संपूर्ण’ की ‘अपूर्ण’ हे मराठीसह प्रादेशिक भाषांत, ब्रँडच्या नावाखालोखाल मोठ्या अक्षरांत असावे. शेजारी तीन आकडे असावेत : सांगितल्याप्रमाणे कालवल्यावर एका मिलिलिटरमागे किती उष्मांक, शंभर उष्मांकांमागे किती प्रथिने आणि दाटपणाचा स्तर. किडनीच्या डब्यावर ‘डायलिसिसपूर्वी’ किंवा ‘डायलिसिसवर’ यांपैकी एक लिहिणे सक्तीचे असावे. आजाराचे नाव वापरायचे असेल, तर त्यामागचा पुरावा उत्पादकाने प्राधिकरणाकडे द्यावा, तो सर्वांना पाहता यावा आणि ठरावीक मुदतीनंतर पुन्हा तपासला जावा. सर्वसामान्यांसाठी या अन्नाची जाहिरात करू नये, हे तत्त्व कोडेक्सने १९९१ मध्येच मांडले आहे. ते मानायचे, तर दुकानातही हे डबे प्रोटीन पावडरीच्या फळीवरून हलवून वेगळ्या कपाटात ठेवायला हवेत.

रुग्णालयांची जबाबदारी याहून मोठी. डिस्चार्ज कार्डवर औषधांची मात्रा, वेळ आणि दिवस लिहिलेले असतात. आहाराच्या रकान्यात मात्र बहुधा एखाद्या ब्रँडचे नाव आणि ‘दिवसातून दोनदा’ एवढेच असते. त्याऐवजी आहाराचा प्रकार, किती पाण्यात किती चमचे, दिवसाला एकूण किती, किती दिवस आणि पुन्हा कधी दाखवायचे, एवढ्या पाच गोष्टी आहारतज्ज्ञाने सहीनिशी लिहाव्यात. प्रकार लिहिला असेल, तर नातेवाइकांना त्या प्रकारातला परवडणारा डबा निवडता येतो आणि जमत असेल तिथे घरच्या आहाराचा पर्यायही विचारता येतो. तालुक्याच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ सहज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. जिल्हा रुग्णालयातून दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सोय केली तर ती बरीच हलकी होईल.

आणि ज्यांच्यासाठी या अन्नप्रकाराची सुरुवात झाली, त्या दुर्मीळ आजारांच्या मुलांना या व्यवस्थेत पहिले स्थान असायला हवे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांचा उल्लेख दुसऱ्या गटात आहे, त्यात पीकेयू आहे, आणि धोरणाच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे. या मुलांच्या दृष्टीने पावडरीचा पुरवठा महिनाभर खंडित होणे म्हणजे उपचार बंद पडणे. मधुमेह्याला एक डबा मिळाला नाही, तर तो ज्वारीची भाकरी आणि उसळ खाऊ शकतो. पीकेयूच्या बाळाला दुकानातला दुसरा कोणताही डबा चालत नाही. पर्याय असणारे आणि नसणारे, ही ओळ वर्गवारीत सर्वांत वर हवी. ज्या अन्नाला पर्याय नाही, त्याची खरेदी, साठा आणि किंमत यांची हमी सरकारने घ्यावी. ज्याला पर्याय आहे, त्याने आपली गरज पुराव्याने सिद्ध करावी.